थांबलेली केळी, धावता विषाणू

भडगावच्या शिवारात, गिरणेच्या पाण्यावर वाढलेल्या केळीच्या बागेत हरण्या रोग ओळखायचा असेल, तर नुकताच उलगडलेला पोंगा उजेडाकडे धरून पाहावा. निरोगी पान एकसारखं पोपटी-हिरवं दिसतं. हरण्या लागलेल्या पानावर मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत, शिरांना समांतर असे फिकट पिवळे पट्टे उमटतात. पट्टा कुठे सलग, कुठे तुटलेला, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये हिरवा रंग तसाच शाबूत. पानाची कड आत वळते. पुढचं पान त्याहून अरुंद येतं. ढगाळ, दमट हवा लांबली की पोंगाच आतून कुजतो. असं झाड एक तर निसवत नाही, आणि निसवलंच तर घडात जीव नसतो.

हे पट्टे उमटवणारा विषाणू म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. खानदेशातले केळी उत्पादक आता त्याला सरळ ‘सीएमव्ही’ म्हणतात. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल पट्ट्यात तो फैलावला, तेव्हा लावून दोन-तीन महिने झालेली झाडं मुळासकट उपटण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली. त्या वर्षी हे नाव घरोघरी पोचलं. पण विषाणू जुना आहे. १९१६ साली अमेरिकेत डूलिटल आणि जॅगर या दोघांनी काकडीवर त्याची पहिली नोंद केली. आपल्याकडे १९५१ साली कामत आणि पटेल या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या केळीवरच्या या रोगाबद्दल लिहिलं. १९८० साली माली आणि राजेगोरे यांनी केळीतल्या या विषाणूचं तपशिलवार वर्णन प्रसिद्ध केलं.

आज जगभरात बाराशेहून अधिक जातींच्या वनस्पतींमध्ये तो सापडला आहे. काकडी, भोपळा, कारलं, टोमॅटो, मिरची, चवळी आणि बांधावर उगवणारा केनासुद्धा त्यात येतो. इतक्या वेगवेगळ्या झाडांत शिरून प्रत्येकाच्या पेशींना आपल्या कामाला लावणारी ही वस्तू आहे तरी केवढी?

तिचा एक कण सुमारे २९ नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावेत आणि त्यातले फक्त २९ घ्यावेत, एवढा. त्याचं कवच एकाच प्रथिनाच्या १८० प्रतींनी बांधलेलं असतं, आणि आत असतो आरएनएचा धागा. आरएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. या विषाणूचा संपूर्ण मजकूर तीन वेगळ्या धाग्यांवर विभागलेला आहे. ज्या नमुन्याचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे, त्यात पहिल्या धाग्यावर ३,३५७ अक्षरं आहेत, दुसऱ्यावर ३,०५० आणि तिसऱ्यावर २,२१६. एकूण ८,६२३. तुम्ही वाचत असलेल्या या लेखातच त्याहून जास्त अक्षरं आहेत.

केळीच्या जनुकसंचाचा आराखडा २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिच्या एका संचात सुमारे ५२ कोटी अक्षरं भरतात, आणि आपल्या ग्रँड नैन या वाणाच्या प्रत्येक पेशीत असे तीन संच असतात. एवढ्या मजकुराच्या झाडाला साडेआठ हजार अक्षरांचा विषाणू आडवा करतो. त्यासाठी त्याला मुख्यतः पाच प्रथिनं पुरतात.

आणखी एक नवल म्हणजे हे तीन धागे एका कवचात नसतात. पहिला धागा एका कणात, दुसरा दुसऱ्या कणात, तिसरा तिसऱ्या कणात. त्यामुळे संसर्ग व्हायचा तर तिन्ही प्रकारचे कण एकाच पेशीत पोचावे लागतात. एकही चुकला की नवा विषाणू तयार होत नाही. वाचताना ही रचना धोक्याची वाटते, पण तिच्या जोरावर हा विषाणू जगभर पसरला आहे.

तो इतका यशस्वी का, याचं पहिलं उत्तर त्याच्या धाग्याच्या जातीत आहे. आपल्या किंवा केळीच्या पेशीत मूळ माहिती डीएनएमध्ये साठवलेली असते. प्रथिन बनवायचं असेल तेव्हा डीएनएवरून आरएनएची एक प्रत निघते आणि राइबोसोम ती प्रत वाचून प्रथिन घडवतो. सीएमव्हीचा धागा हा थेट त्या वाचण्याजोग्या प्रतीच्याच रूपात येतो. पेशीत शिरला, कवच सुटलं, की राइबोसोम त्याला लगेच वाचायला घेतो. हा मजकूर झाडाचा की परक्याचा, हे तपासायची सोय राइबोसोमकडे नाही. अशा विषाणूंना धन धाग्याचे आरएनए विषाणू म्हणतात. पोलिओ, डेंगी, चिकुनगुनिया, हिपॅटायटिस सी, कोरोना हे सगळे याच जातीचे. खानदेशातल्या लिंबूबागांना ठाऊक असलेला ट्रिस्टेझाही याच जातीचा. त्याचा मजकूर जवळपास १९ हजार अक्षरांचा आहे.

हा धागा एकटाच पुरेसा असतो, हे १९५६ साली सिद्ध झालं. जर्मनीत ट्यूबिंगन इथे गीरर आणि श्राम यांनी तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूचं प्रथिन काढून टाकलं आणि उरलेला नुसता आरएनए तंबाखूच्या पानावर चोळला. पानाला रोग झाला, आणि त्या पानात कवचासकट नवे विषाणू तयार झाले. त्याच सुमाराला अमेरिकेत फ्रेंकेल-कॉनराट यांच्या प्रयोगांतूनही हेच दिसलं. ना पेशी, ना कवच, ना चयापचय. बाटलीतलं एक रसायन पानावर चोळलं आणि त्याची पिढी पुढे चालू झाली. सजीव आणि निर्जीव यांच्यामधली रेषा कुठे ओढायची, हा प्रश्न या प्रयोगानंतर कायमचा अवघड होऊन बसला.

वाचला जाणं ही मात्र अर्धीच गोष्ट. विषाणूला स्वतःच्या प्रतीही काढायच्या असतात, आणि इथे एक पेच उभा राहतो. राइबोसोम धाग्याच्या एका टोकाकडून वाचत पुढे सरकतो. प्रत काढणारं विषाणूचं प्रथिन, म्हणजे पॉलिमरेज, नेमकं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतं. दोघं एकाच धाग्यावर समोरासमोर आले तर दोघांचंही काम अडतं. शिवाय प्रत थेट निघत नाही. आधी मूळ धाग्याचा उलटा जोडीदार, म्हणजे ऋण धागा, तयार करावा लागतो आणि त्यावरून नवे धन धागे काढावे लागतात. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात म्हणून कागदावर ती सुलटी उमटतात, आणि शिक्का एकच पण ठसे हवे तेवढे निघतात. ऋण धागा हा विषाणूचा असा शिक्का आहे. एका ऋण धाग्यामागे धन धागे शंभराच्या घरात निघतात.

हा पेच विषाणू कसा सोडवतो, हे समजायला एक आडवाटेचा प्रयोग उपयोगी पडला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पॉल आल्क्विस्ट यांचा गट सीएमव्हीच्याच कुळातल्या ब्रोम मोझॅक विषाणूवर काम करत होता. हा विषाणू गवतवर्गीय पिकांवरचा. १९९३ साली त्यांनी त्याला यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीमध्ये, प्रती काढायला लावलं. यीस्टचं एकेक जनुक बंद करून पाहणं सोपं असतं. २००३ साली याच गटाने जवळपास साडेचार हजार जनुकं अशी एकेक करून तपासली, आणि त्यातली शंभराच्या आसपास जनुकं विषाणूच्या वाढीवर परिणाम करतात असं आढळलं. म्हणजे विषाणूची प्रथिनं पाच असली तरी त्याची कामं यजमानाच्या कितीतरी प्रथिनांकडून करून घेतली जातात.

या अभ्यासातून दिसलेलं दृश्य विलक्षण आहे. विषाणूचं पहिलं प्रथिन पेशीतल्या एका पटलावर जाऊन बसतं. ब्रोम मोझॅकमध्ये ते पटल केंद्रकाभोवतीचं असतं. सीएमव्हीमध्ये ते झाडाच्या पेशीतल्या पाण्याच्या मोठ्या कप्प्याभोवतीचं असतं. तिथे हे प्रथिन पटलाला आत दाबून अगदी चिमुकली, गोल, अरुंद तोंडाची पिशवी तयार करतं. ब्रोम मोझॅकच्या पिशवीचा व्यास ५० ते ७० नॅनोमीटर भरतो. मग हेच प्रथिन विषाणूचा धागा राइबोसोमपासून दूर ओढून त्या पिशवीत नेतं, पॉलिमरेजलाही तिथे आणतं, आणि प्रतींचं काम आत सुरू होतं. वाचन बाहेर, नक्कल आत. समोरासमोर येण्याचा प्रश्नच मिटतो. अरुंद तोंडातून नवे धन धागे बाहेर पडतात, पुन्हा वाचले जातात किंवा कवचात भरले जातात. काही तासांत एका पेशीत लाखो कण तयार होऊ शकतात.

पॉलिमरेजला सुरुवात कुठून करायची हे कळतं, त्यातही एक चलाखी आहे. पेशीत प्रथिनं बांधताना अमिनो आम्लं वाहून आणणारे लहान आरएनए असतात. त्यांना टीआरएनए म्हणतात. सीएमव्हीच्या प्रत्येक धाग्याचं शेवटचं टोक अशा घड्या घालून बसतं की ते टीआरएनएसारखं दिसतं. पेशीतलं एन्झाइम फसतं आणि त्या टोकाला टायरोसिन हे अमिनो आम्ल जोडूनसुद्धा देतं. प्रत काढण्याची सुरुवात याच टोकापासून होते.

झाड मात्र हे गुपचूप पाहत बसत नाही. धन आणि ऋण धागे एकमेकांना चिकटले की दुपदरी आरएनए तयार होतो. निरोगी पेशीत असा लांब दुपदरी आरएनए सहसा नसतो, म्हणून झाडाला ती धोक्याची खूण वाटते. पेशीतली एन्झाइमं तो आरएनए कापून २१-२२ अक्षरांचे तुकडे करतात. हे तुकडे हाताशी धरून दुसरी प्रथिनं त्याच अक्षरांचा प्रत्येक धागा शोधतात आणि कापून टाकतात. १९९९ साली हॅमिल्टन आणि बॉलकूम यांनी झाडांतले हे छोटे तुकडे प्रथम दाखवले. आपल्या रक्तात असतात तशा पांढऱ्या पेशी झाडांकडे नाहीत, पण विषाणूचा मजकूर अक्षरन् अक्षर ओळखणारी ही व्यवस्था त्यांच्याकडे आहे. विषाणू पिशवीत लपून प्रती का काढतो, याचं एक कारण इथेही सापडतं.

सीएमव्हीने या कापाकापीवरही उपाय काढला आहे. त्याचं ‘२बी’ नावाचं प्रथिन हे छोटे तुकडे पकडून ठेवतं आणि कापणाऱ्या प्रथिनालाही अडवतं. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथल्या संशोधकांनी या प्रथिनाचं जनुक शोधलं, तेव्हा कळलं की त्याला स्वतंत्र जागाच नाही. दुसऱ्या धाग्यावर पॉलिमरेजचं जनुक जिथे संपत येतं, त्याच अक्षरांवर २बीचं जनुक चढलेलं आहे. तीन-तीन अक्षरांचे गट एका ठिकाणापासून पाडले तर पॉलिमरेजचा मजकूर मिळतो, आणि एक अक्षर सरकवून गट पाडले तर २बीचा. एकाच ओळीचे दोन अर्थ, आणि दोन्ही कामाचे. अशा जागी एक अक्षर बदललं तर दोन्ही अर्थांना धक्का बसू शकतो. तरी विषाणूने ती जागा सांभाळली आहे.

हरण्याचं आणि हवामानाचं नातं इथे थोडं उलगडतं. हंगेरीतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की थंडाव्यात झाडांची ही कापाकापीची व्यवस्था मंदावते आणि उबेत जोर धरते. केळीवरचे पट्टे पावसाळी, ढगाळ, थंडाव्याच्या दिवसांत ठळक होतात आणि खानदेशच्या कडक उन्हात फिके पडतात किंवा दिसेनासे होतात. त्यामागचं एक कारण हे असू शकतं. पण दिसेनासे झाले म्हणजे विषाणू गेला असं नाही. उन्हाळ्यात स्वच्छ दिसणाऱ्या झाडाचे मुनवे बेण्यासाठी काढले, तर विषाणू त्यांच्याबरोबर पुढच्या बागेत जातो.

आता बदलाकडे येऊ. डीएनएची प्रत काढताना पेशी चुका तपासते आणि दुरुस्त करते. बहुतेक आरएनए विषाणूंचं पॉलिमरेज तपासत नाही. दर दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे साधारण एक चूक राहून जाते. साडेआठ हजार अक्षरांच्या मजकुरात याचा अर्थ असा, की निघणाऱ्या प्रतींपैकी कित्येक मूळ प्रतीपेक्षा एखाद्या अक्षराने वेगळ्या असतात. म्हणून एका पानातला सीएमव्ही ही एकसारख्या कणांची फौज नसून एकमेकांपासून किंचित वेगळ्या असंख्य रूपांचा जमाव असतो. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. एखादीच अशी निघते की नव्या झाडात, नव्या हवेत तीच टिकते.

एवढ्या चुका होत असतील तर सीएमव्ही दर हंगामात ओळखू न येण्याइतका बदलायला हवा. तसं होत नाही. का होत नाही, याचा शोध मॅरिलिन रूसिंक यांच्या गटाने घेतला. २००४ साली त्यांनी या विषाणूची १२ रूपं तयार केली. प्रत्येकात एकेक छोटी, ओळखता येणारी खूण होती. बाराही रूपं मिसळून तंबाखूच्या रोपांच्या पानांवर लावली. काही दिवसांनी वर आलेली नवी पानं तपासली, तर त्यांत बारापैकी मोजकीच रूपं पोचलेली होती. आणि कोणती पोचली हे प्रत्येक रोपात वेगळं होतं. म्हणजे सरस रूप पुढे गेलं असं नव्हे. खालच्या पानातून वरच्या पानाकडे जाणारी वाट इतकी अरुंद आहे की कोण पुढे जाणार हे बऱ्याच अंशी नशिबावर ठरतं.

दोन वर्षांनी त्यांच्याच गटाने मावा किडीवर हाच प्रयोग केला, आणि माव्यातून दुसऱ्या झाडात जाताना पुन्हा तीच गळती दिसली. पेशीत जमाव फुगतो आणि वाटेत तो मूठभर उरतो. पुन्हा फुगतो, पुन्हा मूठभर उरतो. नवी रूपं फुगवट्यात जन्मतात आणि त्यातली बहुतेक अरुंद वाटेवर संपतात. या विषाणूची उत्क्रांती या दोन्हींच्या तालावर चालते.

त्या प्रयोगातल्या दोन किडींपैकी एक होती कापसावरचा मावा. भडगाव, पाचोरा, चाळीसगाव ही कापसाची शिवारं. तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला कोवळ्या पानाच्या मागच्या बाजूला दाटीने बसलेले हे हिरवट-काळपट ठिपके दाखवावे लागत नाहीत. केळी हे या माव्याचं आवडतं घर नव्हे. पंख फुटलेला मावा नवं झाड शोधत उडतो, पानावर उतरतो, सोंडेसारखी बारीक सुई वरच्या थरातल्या पेशीत क्षणभर खुपसून चव घेतो. चव रुचली नाही तर उडतो आणि शेजारच्या झाडावर तेच करतो. सीएमव्हीला नेमकं एवढंच हवं असतं. सुईच्या टोकाशी तो काही सेकंदांत चिकटतो आणि पुढच्या टोचणीत काही सेकंदांत सुटतो. माव्याच्या पोटात जायची त्याला गरज नसते. तिन्ही प्रकारचे कण मात्र त्या एका टोचणीतून पलीकडच्या पेशीत उतरायला हवेत.

“फवारणी केली तरी रोग वाढला कसा?” या प्रश्नाचं उत्तर या सेकंदांत आहे. औषधाने मावा मरायला वेळ लागतो, आणि त्याआधी त्याची टोचणी होऊन गेलेली असते. काकडी-भोपळ्याच्या वेलावरून किंवा बांधावरच्या तणावरून उठलेला मावा केळीवर बसतो, तेव्हाच विषाणू आत जातो.

विषाणू या प्रवासासाठी झाडालाही कामाला लावतो. २०१० साली केरी मॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत भोपळ्यावर केलेला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. सीएमव्ही झालेली झाडं निरोगी झाडांसारखाच, पण जास्त प्रमाणात गंध सोडत होती. त्या गंधाने मावा ओढला जायचा. पण पानावर बसून चव घेतली की त्याला ते आवडायचं नाही आणि तो लवकर निघून जायचा. येताना मोकळा, जाताना सुईवर विषाणू. मावा बोलावला जावा पण रमू नये, हे विषाणूच्या दृष्टीने सगळ्यात फायद्याचं, आणि झाडाची रसायनं नेमकी त्याच दिशेने बदललेली होती.

कथा इथेही संपत नाही, कारण या विषाणूचाही एक परजीवी आहे. सीएमव्हीच्या काही रूपांबरोबर साडेतीनशेच्या आसपास अक्षरांचा एक चिमुकला आरएनए फिरतो. त्याला उपग्रह आरएनए म्हणतात. तो स्वतः एकही प्रथिन बनवत नाही. प्रती सीएमव्हीच्या पॉलिमरेजकडून काढून घेतो आणि कवचही सीएमव्हीचंच वापरतो. कधी तो सीएमव्हीची वाढ रोखून रोग सौम्य करतो, तर कधी रोग भयंकर करतो. १९७२ साली फ्रान्समधल्या अल्सास भागात टोमॅटोची झाडं करपून मेली, त्यामागे असाच उपग्रह होता. २०११ साली जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन गटांना अशा एका उपग्रहाचं रहस्य सापडलं. त्याच्या मजकुरातला सुमारे २२ अक्षरांचा तुकडा तंबाखूच्या हरितद्रव्य बनवणाऱ्या एका जनुकाशी तंतोतंत जुळतो. झाड विषाणूला कापायला निघतं, त्या तुकड्याच्या मागे जातं, आणि स्वतःच्याच जनुकाचा आरएनए कापून बसतं. पान पिवळंधमक होतं.

मावा पिवळ्या रंगाकडे ओढला जातो. शेतात पिवळे चिकट सापळे लावतात ते याचसाठी. २०२१ साली जपानमधल्या संशोधकांनी पुढचा दुवा दाखवला. या उपग्रहाने पिवळ्या केलेल्या झाडांवर वाढलेला मावा लालसर होतो आणि त्याला पंख फुटण्याचं प्रमाण वाढतं. साडेतीनशे अक्षरांत झाडाचा रंग, किडीचा रंग आणि किडीचे पंख. एवढ्या कमी मजकुरात एवढं काम करणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

तीन धाग्यांच्या रचनेला आणखी एक अर्थ आहे. एकाच पेशीत सीएमव्हीची दोन रूपं शिरली, तर पहिला धागा एकाचा आणि तिसरा दुसऱ्याचा, अशी अदलाबदल होऊ शकते. एकेका अक्षराने बदलण्यापेक्षा ही उडी मोठी. शेतात अशी मिश्र रूपं सापडली आहेत, पण ती विरळ आहेत, कारण एकमेकांना सरावलेले धागे तोडून नवे जोडले की बहुधा काम बिघडतं. भारतातल्या केळीत तपासलेले बरेच नमुने आशियात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘एक-बी’ उपगटातले निघाले आहेत. त्यांचा मजकूर वाचून कोणता विषाणू कुठल्या वाटेने आला असेल, हे आता सांगता येऊ लागलं आहे.

आणि हे नातं केळीपाशी थांबत नाही. १९८४-८५ च्या सुमाराला आल्क्विस्ट आणि इतर संशोधकांनी वनस्पतींच्या या विषाणूंची प्रत काढणारी प्रथिनं प्राण्यांच्या सिंडबिस विषाणूच्या प्रथिनांशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्हींत ठळक साम्य दिसलं. चिकुनगुनिया सिंडबिसचाच भाऊबंद. २००६ साली चिकुनगुनिया महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत मालेगावात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले होते. मालेगाव गिरणेच्या वरच्या अंगाला, भडगाव खालच्या. एकीकडे माणसाचे सांधे आखडून टाकणारा विषाणू आणि दुसरीकडे केळीचा पोंगा कुजवणारा. दोघांची नक्कल करण्याची यंत्रणा मुळात एकाच पूर्वजाकडून आलेली. चिकुनगुनियाही पेशीच्या पटलावर अशाच गोल पिशव्या करतो, आणि त्याच्या एका प्रथिनाच्या १२ प्रती पिशवीच्या तोंडाशी कडं करून बसतात.

चिकुनगुनियाने बदलाची ताकदही दाखवली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २००६ साली नमुने वाचले, तेव्हा कळलं की १९७३ च्या बार्शीच्या साथीतला विषाणू आशियाई घराण्यातला होता, पण नव्या साथीतला आफ्रिकी घराण्यातला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर त्याच्या मजकुरात एका अक्षराचा बदल झालेला आढळला. त्यामुळे कवचाच्या प्रथिनात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं, आणि एडिस अल्बोपिक्टस हा डास त्याला अधिक सहज वाहून नेऊ लागला. पुढे केरळातही तोच बदल दिसला. जवळपास १२ हजार अक्षरांतलं एक अक्षर, आणि साथीला नवं वाहन मिळालं.

आता पुन्हा केळीकडे पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. या लढाईत एक बाजू जवळजवळ थांबलेली आहे. ग्रँड नैन बियांपासून येत नाही. ती येते मुनव्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनाच्या रोपांपासून, म्हणून एका बागेतली सगळी झाडं जनुकांच्या हिशेबाने जवळपास एकच झाड असतात. बी धरणाऱ्या जंगली केळीत दर पिढीला जनुकांची नवी जुळवाजुळव होते, आणि एखादं रोप विषाणूला दाद न देणारं निघू शकतं. आपल्या केळीला ती संधी नाही. समोर मात्र दर काही तासांनी नवी रूपं काढणारा विषाणू.

म्हणून केळीच्या वाट्याचं बदलण्याचं काम माणसालाच करावं लागणार आहे, आणि विषाणूबद्दल जे कळलं त्यातून ते कुठे करायचं हेही कळतं. पेशीत फुगलेल्या जमावाला रोखायला आज शेतात कुठलंही औषध नाही. पण त्याच्या अरुंद वाटा आपल्या आवाक्यात आहेत. पहिली वाट बेण्याची. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था उभी केली आहे. विषाणूंसाठी तपासलेली रोपं घेणं म्हणजे ही वाट बंद करणं. दुसरी वाट माव्याच्या सुईची. केळीत काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची, चवळी यांचं आंतरपीक न घेणं आणि बांधावरचं तण काढणं म्हणजे विषाणूचे मुक्काम मोडणं. तिसरी वाट आजारी झाडापासून सुरू होते. लागवडीनंतरचे पहिले तीन-चार महिने दर आठवड्याला बाग पाहून पट्टे दिसलेलं झाड कंदासकट उपटून बागेबाहेर जाळलं किंवा पुरलं, तर त्या झाडात तयार झालेली असंख्य रूपं तिथेच संपतात. एक झाड सोडून दिलं तर त्यातल्या कुठल्या रूपाला पुढची वाट मिळेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

कांदेबागेत किंवा मृगबागेत वाकून तण उपटणारा माणूस विषाणूच्या उत्क्रांतीत हात घालत असतो. कोणतं रूप पुढच्या हंगामात जाईल आणि कोणतं इथेच थांबेल, हे ठरवण्यात त्याचा वाटा खरोखरचा असतो. प्रयोगशाळेत बारा रूपांची गणती होते, ती त्याच्या बागेत रोज हजारोंची होत असते. ८,६२३ अक्षरांच्या या विषाणूबद्दल शंभर वर्षांत जे समजलं, ते त्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत पोचायला हवं, कारण थांबलेल्या केळीच्या वतीने धावणारा तोच एक आहे.